बीपी मोजताना मनाचंही विचारा

अकोला-अमरावतीकडच्या दवाखान्यांत साठी ओलांडलेल्यांच्या तक्रारी बऱ्याचदा सारख्याच असतात. ‘जेवन जात नाई’, ‘झोप येत नाई’, ‘आंग दुखते’, ‘जीव घाबरते’. मन उदास आहे, असं सहसा कुणी म्हणत नाही. मग गुडघ्याला मलम, पोटाला गोळी, अशक्तपणाला सलाइन. घरचेही ‘आता वय झालं’ म्हणून गप्प बसतात. यातल्या कित्येकांचं नैराश्य शरीराच्या दुखण्यातून बोलत असतं.

२०१७-१८च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये गंभीर नैराश्याची लक्षणं आढळली. ‘मला नैराश्याचं निदान झालं आहे’ असं सांगणारे होते जेमतेम ०.८ टक्के. ही दहापटीची तफावत उपचाराबाहेर राहिलेल्या माणसांची आहे.

आणि हा आजार मनापुरता थांबत नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९३ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास मांडला. नैराश्य असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतलं मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. हृदयाच्या आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. सततच्या ताणाची संप्रेरकं रक्तदाब आणि साखर वाढवतात. शिवाय उदास माणूस बीपीची गोळी चुकवतो, अर्धी भाकर ठेवून उठतो, ओसरीवरून हलत नाही. स्नायू झिजतात, पडण्याची भीती वाढते. उलट बाजूही आहे. थायरॉइडची कमतरता, बी-१२चा अभाव, पक्षाघात यांमुळेही मन खचतं. म्हणून आधी तपासणी हवीच. पण रिपोर्ट ‘नॉर्मल’ आले की चौकशी तिथेच संपते, हे फार वाईट.

यावर काय करता येतं, याचं उत्तर वऱ्हाडातच सापडलं आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगाथ’ संस्थेनं ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, खचलेल्यांना धीर दिला, गरज असेल त्यांना समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवलं. अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. कार्यक्रम सर्व प्रौढांसाठी होता, ज्येष्ठांपुरता नव्हे.

ज्येष्ठांचा दाखला गोव्यात आहे. तिथे नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या १८१ वृद्धांवर २०१५ ते २०१७ या काळात प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी काहींना रोजच्या अडचणी सोडवण्याची, झोप सुधारण्याची, आजार सांभाळण्याची रीत शिकवली. वर्षभरात त्यांच्यापैकी ४.४ टक्के लोकांना नैराश्यानं गाठलं. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत १४.४ टक्क्यांना. शिकवलेल्यांचा वरचा रक्तदाबही कमी राहिला. मनासाठी केलेलं काम बीपीच्या यंत्रावर दिसलं, ही बाब आरोग्य खात्यानं गांभीर्यानं घ्यायला हवी.

नवी योजना आखण्याची वाट पाहायची गरज नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात मनाविषयीचे दोन प्रश्न छापलेलेच आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि मन खचल्यासारखं वाटलं का. मात्र हे प्रश्न सुनेसमोर, दारात उभ्या उभ्या विचारले, तर म्हातारा माणूस ‘नाही’ असंच म्हणणार. ते निवांत बसून, वऱ्हाडीत विचारावे लागतील. त्यासाठी आशाताईंना वेळ आणि वेगळा मोबदला हवा, आणि होकार आला तर त्या वृद्धाला पाठवायला जागा हवी. अमरावती आणि अकोला जिल्हा परिषदांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात त्याच दिवशी, समुपदेशक बसवावा; एका फेरीत दोन्ही कामं होतील. ज्यांना तेवढंही जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. नातवंडांनी तो आजी-आजोबांना लावून द्यावा.