घरचा मिस्त्री : चावी अडली तर जोर लावू नका



रात्रीचा दीड वाजला आहे. सूनबाईला कळा सुरू झाल्या आहेत. सासूबाईंनी कपड्यांचे बोचके बांधून तयार ठेवले आहे. दोघीजणी सूनबाईला धरून ओट्यावरून उतरवीत आहेत आणि खळ्यात उभ्या असलेल्या जीपमध्ये मुलगा चावी फिरवतो आहे. चावी आत गेली, पण फिरत नाही. संध्याकाळी तर फिरत होती! तो जोर लावतो, मग पक्कड मागवतो. पकडीने पिळताच ‘कट्’ असा आवाज होतो आणि अर्धी चावी हातात येते. आता गाडी दारात असून नसल्यासारखीच.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. पण ज्यांच्या दारी गाडी आहे त्यांच्यावर तो कधीही येऊ शकतो. दुःखाची गोष्ट ही, की अशा वेळी पुष्कळदा गाडीला काहीच झालेले नसते. आजारी माणसाला न्यायचे असेल तर एकाने आधी १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने शांतपणे चावीकडे पाहावे. कसे पाहावे, ते आज सांगतो.

सर्वांत आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. चावी फिरते, पण गाडी सेल घेत नाही, हे दुखणे बॅटरीचे, वायरचे नाही तर स्टार्टरचे. चावीच फिरत नसेल, तर साध्या गिअरच्या गाडीत बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही. कित्येकजण अशा वेळी बॅटरी उतरवून चार्जिंगला नेतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत.

आता कुलपाकडे वळू. मोटार, जीप, पिकअप यांच्या स्टिअरिंगला कुलूप असते. चावी काढून घेतली आणि स्टिअरिंग थोडे हलले, की आतला लोखंडी खटका दांड्याच्या खाचेत बसतो व स्टिअरिंग जखडते. चोराने गाडी ढकलून नेऊ नये म्हणून ही सोय. परंतु पुढचे चाक वळलेल्या स्थितीत दगडाला, बांधाला किंवा उताराला टेकले असेल, तर त्याचा सारा रेटा त्या खटक्यावर येतो आणि चावी फिरत नाही. पावसाळ्यात दार फुगले की कडी निघत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. आपण काय करतो? कडीवर हातोडा मारीत नाही. दार थोडे आत रेटतो आणि कडी सरकवतो. येथेही तेच करायचे.

गिअर न्यूट्रलला आणून हँडब्रेक ओढा. डाव्या हाताने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलवून पाहा. एका बाजूला ते घट्ट लागेल, दुसऱ्या बाजूला किंचित ढिले जाईल. ढिल्या बाजूला हलकेच दाबून धरा आणि त्याच वेळी दोन बोटांनी चावी फिरवा. चाकाचा रेटा उतरला की चावी लोण्यातून सुरी जावी तशी फिरते. आपोआप गिअर पडणारी गाडी असेल, तर दांडा ‘पी’ वर नीट बसला आहे ना, हे पाहावे. तो नीट बसला नसेल, तर पुष्कळ गाड्यांत चावी बाहेर येत नाही.

एवढ्याने काम झाले नाही, तर दुसरी चावी आणा. नव्या गाडीबरोबर दोन चाव्या मिळतात. एक रोज वापरून झिजते, दुसरी ट्रंकेत कोरी राहते. कुलपाच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात व त्यांना स्प्रिंगचा आधार असतो. चावीचे दात त्या सर्व पट्ट्यांना एका पातळीत आणतात, तेव्हाच बॅरल फिरतो. दात झिजले की एखादी पट्टी वरखाली राहते आणि बॅरल अडतो. कोऱ्या चावीने कुलूप सहज उघडले, तर दोष जुन्या चावीचा. कोरी चावी जवळ नसेल, तर जुनी चावी पूर्ण आत घालून केसभर मागे ओढा आणि फिरवून पाहा. कधीकधी तेवढ्याने वेळ निभावते.

नवी चावी करवून घेताना ती झिजलेल्या चावीवरून करू नका. झीजही तशीच उतरेल. कोरी चावी नमुन्याला द्या. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या चावीत चिप असते. नुसते दात कापलेल्या चावीने कुलूप फिरेल, पण इंजिन चालू राहणार नाही. म्हणून आधी चौकशी करावी.

तिसरे कारण धूळ. आपल्या रस्त्यांना तिचा तोटा नाही. टॉर्च लावून भोकात पाहा. मुलांनी काडी किंवा चिंचोका तर कोंबला नाही ना? चावी फडक्याने पुसून पाचसात वेळा हलक्या हाताने आतबाहेर करा; चिकटलेल्या पट्ट्या सुटतात. घरात खोबरेल तेलाची बाटली हाताशी असते, म्हणून ते ओतण्याचा मोह होतो. तेल आज चालेल, पण त्यावर धूळ बसून महिन्याभरात चिखल होईल. ग्रीसचेही तसेच. रॉकेल किंवा पेट्रोल तर मुळीच घालू नये. कुलपाच्या मागेच विजेचा स्विच असतो आणि तेथे ठिणगी पडू शकते. कुलपाला कोरडे वंगण मानवते. ग्रॅफाइटची भुकटी चावीला चिमूटभर लावावी. ती न मिळाल्यास पेन्सिलचे शिसे चावीच्या दातांवर घासावे; त्यात ग्रॅफाइटच असते. मात्र ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून भोकात भुकटी भरू नये.

आता तुमच्या चावीचा जुडगा पाहा. त्यात घराची, मोटारपंपाच्या खोलीची, कपाटाची चावी आणि वर देवाचे पितळी पदक. खड्ड्यांतून जाताना हे वजन सारखे हिंदकळते आणि बॅरल झिजवते. याहून मोठा धोकाही आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या काही मोटारींतला चावीचा स्विच मुळातच ढिला होता. जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने चावी चालत्या गाडीत मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघातात जीव वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्या उघडत नसत. २०१४ साली कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाईच्या चौकशीत या दोषाने झालेले १२४ मृत्यू मान्य झाले. तुमचा स्विच तसा नसेलही. पण गाडीची चावी एकटी ठेवण्याला पैसा लागत नाही.

घाट उतरताना डिझेल वाचवायला चावी बंद करण्याची सवय काहींना असते. ती सोडा. इंजिन थांबले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि दोनचार वेळा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. चालत्या गाडीत चावी बाहेर काढली, तर तोच खटका वळणावर स्टिअरिंग जखडून टाकील.

इतके करूनही चावी तुटलीच, तर तुकड्यावर दुसरी चावी ठोसू नका. चिकटवण्याचे औषध लावून तुकडा ओढण्याची युक्ती काहीजण सांगतात. त्यात कुलूपच चिकटून बसते. तुकड्याचे टोक दिसत असेल, तर बारीक तोंडाच्या पकडीने सरळ बाहेर ओढावे. टोक दिसत नसेल, तर चावीवाल्याला किंवा मिस्त्रीला बोलवावे.

ट्रॅक्टरविषयी दोन शब्द. बऱ्याच ट्रॅक्टरना स्टिअरिंगचे कुलूप नसते. चावी म्हणजे नुसता विजेचा स्विच. तो उघड्यावर पावसात भिजतो, धुळीत भरतो. म्हणून ट्रॅक्टर उभा केल्यावर चावी काढून घ्यावी व स्विचवर जाड रबराचा तुकडा झाकावा.

शेवटी आज संध्याकाळी करायची तीन कामे सांगतो. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करा आणि आधी हँडब्रेक ओढून मगच चावी काढा. ट्रंकेतली कोरी चावी एकदा लावून पाहा आणि घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीला अडकवा. आणि स्टिअरिंग ढिले करून चावी फिरवण्याची रीत घरातल्या प्रत्येकाला, लेकीसुनांनाही, स्वतःच्या हाताने करायला लावा. रात्री दीड वाजता गाडीपाशी कोण असेल, हे आज कुणी सांगावे?