चाकाखालचे लिंबू आणि हातातला पाना

दसरा जवळ आला की गाड्या धुणे, त्यांना हार घालणे आणि चाकाखाली लिंबू चिरडणे सुरू होते. आपल्या समाजाची ही अशोक विजयादशमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चांद्याला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. इतक्या वर्षांनंतरही आपल्यातील काही शिकल्या-सवरलेल्या बांधवांच्या नव्या गाडीखाली लिंबू दिसते, तेव्हा आम्हास खेद वाटतो. चाकाचे रक्षण लिंबू करीत नाही. ते नीट आवळलेला नट करतो, टायरमधील योग्य हवा करते आणि टायरच्या नक्षीची खोली करते. म्हणून या आठवड्यात आम्ही चाकाविषयी, आणि तेही विजेवर धावणाऱ्या गाडीच्या चाकाविषयी, लिहीत आहोत.

वाचक म्हणतील, गडचांदूरच्या वस्तीत विजेची गाडी आहे कुणाकडे? २०२५ साली आपल्या देशात एम.जी. कंपनीची सायबरस्टर ही विजेची स्पोर्ट्स कार विक्रीस आली. किंमत पाऊण कोटीच्या घरात. ती आपल्या दारात उभी राहणार नाही, हे खरे. परंतु पुण्याजवळ तयार होणारी टाटांची नेक्सॉन ई.व्ही. २०२० पासून रस्त्यावर आहे. चाकणला तयार होणारी महिंद्रांची बी.ई. ६ ही गाडीही आता दिसू लागली आहे. आपल्यातील डॉक्टर, अभियंते, अधिकारी अशा गाड्या घेत आहेत. आणि मालक कुणीही असो, त्या गाडीचे चाक खोलणारे हात पुष्कळदा आपल्याच मुलांचे असतात.

दुसरे असे की, विजेशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली विद्युतशक्तीविषयीच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेवाचून उद्योगधंदे नाहीत, आणि उद्योगधंद्यांवाचून गरिबाची दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा विचार होता. आज आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा आपल्या जिल्ह्यातला, धूळ आपल्या फुफ्फुसात. मग त्या विजेवर धावणाऱ्या गाडीचे ज्ञान तेवढे आपल्याकडे का नसावे?

आता मुद्द्याकडे वळू. गाडीची चारही चाके सारखी झिजत नाहीत. ज्या चाकांना इंजिनाचा वा मोटारीचा जोर मिळतो, त्यांचे टायर लवकर घासतात. विजेच्या गाडीत हे अधिक जाणवते. एक तर बॅटरीमुळे ती तशाच पेट्रोल गाडीपेक्षा कित्येकदा दोनशे किलोंहून अधिक जड असते. दुसरे, पाय दाबताक्षणी मोटारीचा पूर्ण जोर चाकावर येतो. तिसरे, पाय उचलला की तीच मोटार उलट काम करून वेग कमी करते व बॅटरीत वीज भरते. हा ताणही त्याच चाकांवर पडतो. म्हणून साधारण दहा हजार किलोमीटरांनी, अथवा पुढच्या-मागच्या टायरच्या खोलीत दीड मिलिमीटरचा फरक दिसला की, चाकांच्या जागा बदलाव्यात. नक्की आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत पाहावा.

आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून हिशेब सरळ मांडतो. अदलाबदलीने रबर वाढत नाही. झीज चौघांत सारखी वाटली जाते, एवढेच. दोन टायर गुळगुळीत आणि दोन कोरे असे राहत नाही, आणि ओल्या रस्त्यावर चारही चाकांची पकड सारखी मिळते. एकट्यावर ओझे न टाकता सर्वांनी ते वाहावे, हा समतेचा व्यवहार चाकालाही लागू आहे. मात्र मोटारीच्या टायरची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की तो टायर कायद्यानेही बाद. तिथे अदलाबदल कामाची नाही.

कोणते चाक कुठे लावायचे, हे गाडीच्या बांधणीवर ठरते. नेक्सॉन ई.व्ही.मध्ये जोर पुढच्या चाकांना असतो. तेथे पुढची चाके सरळ मागे जातात आणि मागची चाके बाजू बदलून, म्हणजे डावे उजवीकडे व उजवे डावीकडे, पुढे येतात. बी.ई. ६ मध्ये जोर मागच्या चाकांना. तेथे मागची चाके सरळ पुढे आणि पुढची बाजू बदलून मागे. पण टायरच्या कडेवर बाण असेल, तर तो टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी आहे. त्याने बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढे-मागे करायचे.

स्पोर्ट्स कारची गोष्ट निराळी. सायबरस्टरचे पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद, तर मागचे २७५. म्हणजे पुढचे मागे जाऊच शकत नाहीत. बाण नसेल तर फार तर डावे-उजवे करता येते. बाण असेल तर टायर रिंगवरून उतरवून पुन्हा चढवावा लागतो, आणि ते यंत्रावरचे काम आहे, अंगणातले नव्हे. अशा गाडीच्या मालकाने घरी खोली मोजावी, हवा पाहावी आणि थांबावे.

आमच्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग असतो. पंक्चरच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने तेथे विचारले, "काकाजी, बॅटरीच्या गाडीचं चाक खोललं तं करंट लागते का जी?" प्रश्न फार चांगला होता. उत्तर असे की, केवळ चाक काढताना मोठ्या दाबाच्या विजेशी संबंध येत नाही. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना मात्र कधीही हात लावू नये. खरा धोका करंटचा नसून वजनाचा आहे. बॅटरी गाडीच्या पोटाखाली पसरलेली असते. जॅक चुकून तिच्यावर लागला तर लाखो रुपयांची बॅटरी दबते, आणि जॅक निसटला तर माणूस दबतो. शिवाय ही गाडी आवाज करीत नाही. ती चालू आहे की बंद, हे कानाने कळत नाही. म्हणून आधी गाडी बंद करून चावी दूर ठेवावी.

काम घरी करायचेच असेल, तर जमीन सपाट व पक्की हवी. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक रुततो, तेथे हे काम करूच नये. हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावावेत. नट जमिनीवरच थोडे सैल करावेत. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा आणि त्यानंतर लोखंडी स्टँड द्यावा. स्टँडची जागा पुस्तिकेत सापडत नसेल, तर घरी हे काम करू नये. अनेक विजेच्या गाड्यांत स्टेपनीही नसते व जॅकही नसतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. नट आधी हाताने बसवावेत, गाडी खाली घेतल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत, आणि शेवटचा जोर पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्कच्या पान्याने द्यावा. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरील पट्टी पाहून भरावी, कारण पुढच्या-मागच्या हवेचे आकडे वेगळे असू शकतात. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. तारीख आणि किलोमीटर वहीत नोंदवावे.

आता ज्यासाठी आम्ही लेखणी उचलली, ते सांगतो. आवारपूर, उपरवाही, नारंडा, गडचांदूर हा सगळा सिमेंटचा पट्टा. रस्त्यावर ट्रक आणि बल्करची रांग, आणि रस्त्याच्या कडेला टायरची दुकाने. तेथे आपली पोरे चौदा-पंधराव्या वर्षापासून राबताना आम्ही पाहतो. मालक घरी बोलावतो, "ये रे, जरा चाकं बदलून दे." पोरगा जातो. एका जॅकवर दीड-दोन टनांची गाडी उचलतो आणि निसटलेला नट शोधायला खाली सरपटतो. स्टँड कुणी देत नाही, तो मागतही नाही. मालकाला त्याची चूक वाटत नाही, कारण धोक्याचे काम खालच्याने करायचे, ही या देशाची हजारो वर्षांची सवय आहे. गटारात उतरणारा कोण आणि वर उभा राहणारा कोण, हे आपणास कुणी शिकवावयास नको.

आपल्यातील गाडीमालक बांधवांना आमची विनंती आहे की, ही सवय आपल्या अंगणात शिरू देऊ नका. मुलाला बोलवाल तर स्टँड तुम्ही आणून द्या, पूर्ण मजुरी द्या, आणि चौदा वर्षांच्या पोराला पान्याऐवजी पुस्तक द्या. आपल्या मुलींनाही हे काम शिकवा. हवा तपासायला आणि खोली मोजायला मिशा लागत नाहीत.

आणि तरुणांना सांगणे असे की, केवळ हात चालवू नका, कारण विचारा. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते, की परंपरा आहे म्हणून वा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. उस्ताद म्हणतो म्हणून पुढचे चाक मागे नेऊ नका. आधी बाण पाहा, रुंदीचा आकडा पाहा, जोर कोणत्या चाकाला आहे ते पाहा. विजेच्या गाड्यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आता आय.टी.आय.च्या व्यवसायांच्या यादीत आहे. आपल्या जवळच्या संस्थेत तो सुरू आहे काय, याची चौकशी करा. नसेल तर पाच-पंचवीस जणांनी मिळून सहीनिशी अर्ज द्या, मसुदा आम्ही लिहून देऊ. उद्या रस्त्यावर या गाड्या वाढतील. ज्याला कारण ठाऊक, तो कारागीर होईल. ज्याला नुसता पाना ठाऊक, तो पुन्हा गाडीखालीच राहील.

येत्या विजयादशमीला लिंबू सरबतात पिळा, आणि चाकाचे नट तपासा. जयभीम!