पदाच्या डोक्यावरची ओळ

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ नाटकाची एखादी जुनी छापील प्रत मिळाली तर पदांपेक्षा पदांच्या डोक्यावरचा बारीक मजकूर आधी वाचावा. तिथे ‘चाल’ असे लिहून पुढे आधीच्या कुठल्या तरी पदाचे दोन-चार शब्द दिलेले असतात. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने कीर्तनातून घेतले, लावणीतून घेतले, कानडी मुलखातल्या पदांतूनही घेतले, आणि कुठून घेतले ते छापून टाकले. अण्णासाहेबांना त्यात कमीपणा वाटला नाही. प्रेक्षकांनीही त्यांना चोर म्हटले नाही.

पुढच्या पिढीने तोच रस्ता धरला. ‘मानापमान’साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याला मराठी शब्दांचे अंगडे चढवले. ‘स्वयंवर’मध्ये (१९१६) भास्करबुवा बखले यांनी घराण्यातल्या बंदिशीच नाटकात आणून बसवल्या. ‘एकच प्याला’च्या (१९१९) चाली सुंदराबाई जाधवांनी दिल्या. बैठकीत गाणाऱ्या एका बाईंच्या गळ्यातल्या गझला-कव्वाल्या बालगंधर्वांच्या सिंधूच्या तोंडी गेल्या आणि महाराष्ट्र रडला. सुंदराबाईंचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कुणीतरी वेळीच सांगून ठेवले.

हे सगळे आता काढण्याचे कारण जामखेड.

नगर-बीड रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावापासून अहिल्यादेवींचे चोंडी आणि १७९५ च्या लढाईचे खर्डा जवळ आहे. संगीताच्या धंद्यातली माणसे मात्र जामखेडचे नाव काढतात ते इथल्या कला केंद्रांसाठी. एकेका केंद्रात अनेक पार्ट्या, प्रत्येकीची मालकीण, पेटीवाला, ढोलकीवाला, तबलजी, गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या बाया. बैठकीत फर्माईश होते ती बहुतेक वेळा सिनेमातल्या लावणीची. पण रात्र उतरली आणि समोर कानसेन बसलेला असला, की आजी-मावशीकडून आलेली, कुठल्याही ध्वनिफितीत नसलेली लावणी बाहेर येते. ती ऐकायला संगीतकार, संयोजक, हौशी संशोधक असे सगळेच येतात. हल्ली ते मोबाइल घेऊन येतात.

परीक्षणासाठी आमच्याकडे जी नवी गाणी येतात, त्यांतल्या लावणीवजा गाण्यांच्या श्रेयनामावलीत एक शब्द ठरलेला असतो: ‘पारंपरिक’. गीत पारंपरिक, संगीत संयोजन अमुक, प्रोग्रामिंग तमुक, कलरिस्टसुद्धा नावानिशी. जिच्याकडून गाणे घेतले ती बाई मात्र परंपरेत जमा! परंपरा दौलतजाद्याला हात पुढे करत नाही, बिल लावत नाही, कोर्टात जात नाही, म्हणून ती सगळ्यांनाच सोयीची पडते.

यावर ठरलेले उत्तर येते की लावणीची चाल कुणाच्या बापाची नाही. अर्धे खरे आहे. धुमाळीचा ठेका, पिलू किंवा भैरवीचा सांगाडा, मुखड्यावर परत येण्याची तऱ्हा यांच्यावर मालकी सांगू नयेच. पण बैठकीच्या लावणीत एकच ओळ बाई पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी शब्दांचा अर्थ वेगळीकडे वळवते. ‘नाही’ म्हणताना स्वर आधी खाली सोडायचा आणि समेच्या अर्धी मात्रा अलीकडे पकडायचा, अशी एक जागा बसवायला वर्षे जातात. संगीतकार नेमकी तीच उचलतो. लय दुप्पट करतो, ढोलकीच्या जागी संगणकातला लूप टाकतो, अंतरा स्वतः बांधतो आणि मुखड्यात ती जागा जशीच्या तशी राहते, कारण गाणे चालते ते तिच्यावर. तिला ‘सांगाडा’ म्हणणे हा निव्वळ बेरकीपणा.

शाहिरांना या धोक्यावर एक आधार होता: शेवटच्या कडव्यात नाव गुंफायची रीत. पठ्ठे बापूरावांची लावणी पळवायची तर आधी त्यांचे नाव खरवडावे लागे, आणि जागा बरोबर मात्रांची असल्याने तिथे दुसरे नाव कोंबताना चोर उघडा पडे. शब्दांना अशी छाप मारता येते, गळ्याला येत नाही. शब्द लिहिणारे बहुतेक पुरुष होते आणि गाणाऱ्या बाया, त्यामुळे कुणाचे नाव टिकले आणि कुणाचे पुसले हे वेगळे सांगायला नको.

कायद्यानेही बराच काळ कागदालाच मान दिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुळात संगीतकृती म्हणजे लिहिलेली, छापलेली चाल होती. ती अट गेली १९९४ च्या दुरुस्तीत. त्याच दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला सादरकर्त्याचा हक्क दिला. आज त्याची मुदत ५० वर्षे आहे. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात आले असावे: चाल तीनशे वर्षांची असो, कर्ता अज्ञात असो, पण काल रात्री जामखेडला जी बाई गायली तिच्या त्या गाण्यावर तिचा हक्क आहे. स्वतःपुरते ऐकायला मोबाइलवर घेतले तर गोष्ट वेगळी. तेच मुद्रण तिला न विचारता गाण्यात ‘सॅम्पल’ म्हणून वापरले, तर ‘पारंपरिक’ लिहून सुटका नाही.

दुसरा गैरसमज मात्रांचा. चार आवर्तनांपर्यंत चालते, सात सेकंदांपर्यंत चालते, असे आकडे स्टुडिओत छातीठोकपणे सांगितले जातात. कायद्यात असा एकही आकडा नाही. ‘क्रेझी ४’ या हिंदी चित्रपटाच्या वेळी, २००८ मध्ये, संगीतकार राम संपत यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला तो जाहिरातीसाठी आपण केलेला एक छोटा तुकडा त्या चित्रपटाच्या गाण्यांत वापरला म्हणून. न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि प्रकरण २ कोटींना मिटल्याच्या बातम्या आल्या. तुकडा किती लांब हा प्रश्न दुय्यम. गाणे त्यावर उभे आहे का आणि साध्या श्रोत्याच्या कानाला तो ओळखू येतो का, हे पाहिले जाते.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचा खटला ‘पोन्नियिन सेल्वन २’मधल्या गाण्याचा. ए. आर. रहमान यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटात ‘डागरवाणी परंपरेवर आधारित’ असे श्रेय होते. ध्रुपद गाणाऱ्या डागर कुटुंबाचे म्हणणे होते की ही रचना परंपरेची नाही, फैयाजुद्दीन आणि झहिरुद्दीन या दोघा भावांची आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी एप्रिल २०२५ मध्ये त्या भावांची नावे घालायला सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. डागरांना निदान न्यायालयाचे दार तरी गाठता आले, कारण घराण्याला नाव आहे, ध्वनिमुद्रणे आहेत, वारस आहेत. जामखेडच्या पेटीवाल्याने कुठे जावे?

उलट दिशेची उसनवारीही होते, ते खरेच आहे. लावणीच्या बारीत सिनेमाची गाणी सर्रास होतात, भजनी मंडळे अभंगाला फिल्मी चाल लावतात, बँडवाल्यांचा तर तोच धंदा. पण सप्ताहात कुणी फिल्मी चालीवर अभंग म्हटला म्हणून मूळ संगीतकाराच्या ताटातली भाकरी कमी होत नाही. घेणाऱ्याच्या खिशात किती येते आणि देणाऱ्याच्या हातात काय उरते, हे पाहिल्याशिवाय दोन्हींना एकाच तराजूत घालणे अप्रामाणिकपणाचे आहे. (अजय-अतुल यांनी ‘जत्रा’मधल्या आपल्याच गाण्याची चाल ‘अग्निपथ’साठी पुन्हा वापरली, तेव्हाही आपल्याकडे ‘चोरी’ म्हणून ओरडणारे निघाले होते. स्वतःच्या घरातले भांडे दुसऱ्या खोलीत नेण्याला चोरी म्हणत नाहीत.)

नाव द्यायचे म्हटले तर देता येते. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या ‘संगीत बारी’च्या प्रयोगात शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई म्हाळंग्रेकर या लावणी कलावंत नावानिशी समोर येतात आणि स्वतः बोलतात. त्याने प्रयोगाची शोभा कमी झालेली नाही.

या अंकापासून आम्ही स्वरलिपीच्या पानावर ‘चाल’ची जुनी ओळ परत आणत आहोत. लोकसंगीतावर आधारलेली रचना पाठवणाऱ्याने त्या ओळीत तीन गोष्टी लिहायच्या: कुणाकडून ऐकली, कुठे आणि कधी. नाव छापायला त्या कलावंताची संमती हवी; काही बायांना घरच्या कारणाने नाव नको असते, तिथे पार्टीचे किंवा केंद्राचे नाव चालेल. नुसते ‘पारंपरिक’ लिहून आलेले बाड परत जाईल. परीक्षणासाठी येणाऱ्या ध्वनिमुद्रणांनाही हाच नियम.

पैशाचा प्रश्न याने सुटत नाही. पैसे बाईच्या खात्यात जावेत की मालकिणीच्या, पेटीवाल्याचा वाटा किती, गाणे चालले तर पुन्हा द्यायचे की नाही, यावर पार्ट्यांमध्येच एकमत नाही. तोवर निदान एका साध्या कागदावर, मराठीत, रक्कम आणि वापर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत बाईंच्या हातात द्यावी. अशा कराराचा नमुना पान उलटल्यावर दिला आहे.