शिजू द्या की निवांत!

परवाच्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे पाहुणे जेवायला होते आणि दिवसा मला अकोल्याला साक्षगंधाला जायचं होतं. दोन्ही टाळता येण्यासारखं नव्हतं. सकाळी आठला मटण स्लो कुकरमध्ये घातलं, बटण फिरवलं आणि निघाले. रात्री सगळ्यांनी रस्सा मागून मागून घेतला. कौतुकाच्या भरात मी खरं ते सांगून टाकलं, की मी दिवसभर घरात नव्हतेच.

झालं! मामेसासूबाईंचा हात ताटातच थांबला. "काहून वं माय, आता मटनही बटनावर शिजवतं का तू? चुलीपाशी बसल्याबिगर का चव येत असते?"

आत्ता तर तिसऱ्यांदा रस्सा घेतला होता त्यांनी! पण हे बोलायची सोय नसते.

तर मैत्रिणींनो, ह्या भांड्याची कुळकथा सांगते. आत जाडजूड चिनीमातीचं भांडं, भोवती विजेची मंद ऊब. वीज साधारण एका जुन्या मोठ्या बल्बाइतकी, दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे आठ तासांना दीड-पावणेदोन युनिट. माझी नणंद अमेरिकेत असते, तिने पहिलं आणलं होतं. ते तिकडच्या 120 व्होल्टचं. आमच्या ह्यांनी कौतुकाने आपल्या 230 च्या प्लगात खुपसलं. दाब दुप्पट झाला की उष्णता जवळजवळ चौपट होते हे त्या दिवशी कळलं, धूर पाहून. दुसरं मी इथलंच घेतलं. पण पहिल्याची पाककृतींची पुस्तिका उरली आहे. तिच्यातली पहिलीच कृती बीफ स्ट्यूची. खांद्याकडचं चिवट मांस, बटाटे, गाजरं, कांदा, आणि आठ तास झाकण उघडायचं नाही.

चिवट मांसच का? जे जनावर चाललं, ज्यानं ओझं ओढलं, त्याच्या मांसात चिवट धागे जास्त. ते झटपट आचेवर आणखी आवळतात, पण मंद उबेत तासन्‌तास राहिले की विरघळून रश्श्यालाच दाटपणा देतात. प्रेशर कुकर हेच काम अर्ध्या-पाऊण तासात करतो, मान्य. पण त्याच्या शिट्ट्या मोजायला घरात माणूस लागतं. गॅस पेटता ठेवून कोण बाई गावाला जाईल?

हे सगळं मी आमच्या शाळेतल्या एका मैत्रिणीला सांगत होते. ती दर्यापूरकडची. ऐकून हसली. म्हणाली, "यात नवीन काय? माझी आई हेच करायची." तिची आई कापूस वेचायला जायची. घरात कधी मोठ्याचं आलं, म्हणजे बैलाचं मांस, तर ते म्हाताऱ्या जनावराचं, स्वस्त आणि चिवट. सकाळी त्याला एक उकळी आणायची, लाकडं मागे ओढायची, गोवऱ्यांच्या आरावर गाडगं ठेवायचं, झाकणावर दगड आणि चालली वावरात. पऱ्हाट्या भुर्रकन जळून जातात, आर धरतं ते बाभळीचं लाकूड आणि गोवरी, हा हिशेब तिला पाठ. संध्याकाळी घरी आल्यावर नुसत्या भाकरी टाकायच्या. आता ते गाडगं नाही. गाईची कत्तल 1976 च्या कायद्याने बंद होती, 2015 मध्ये बैलांचीही झाली. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद करून ठेवली. आमच्या वऱ्हाडातल्या अशा चुलींचंही कोणीतरी लिहायला हवं, त्या चुलीजवळच्या बाया आहेत तोवर.

आणि गंमत पाहा. हे विजेचं भांडं ज्यानं काढलं त्या आयर्व्हिंग नॅक्सनलाही ते आईच्या आठवणीतूनच सुचलं. ते ज्यू कुटुंब. शनिवारच्या सब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याच्या बिया आणि मांसाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून यायचं, अशी त्यांच्या मूळ गावची रीत आईने सांगितलेली. 1940 मध्ये त्याला पेटंट मिळालं. 1971 मध्ये ते 'क्रॉक पॉट' नावाने बाजारात आलं आणि नोकरीला निघालेल्या अमेरिकन बायकांनी उचलून धरलं.

म्हणजे सब्बाथ पाळणारी ती बाई, कापूस वेचणारी ही बाई, आणि बडनेऱ्याहून गाडी पकडून बावीस वर्षं अकोल्याला अप-डाऊन केलेली मी. मंद आच आम्हा तिघींचीही सोय होती. चुलीपाशी बसून राहायला ज्यांना वेळ होता, त्यांचं हे कामच नव्हे. आपले रोडगे तरी काय? गोवऱ्यांच्या राखेत पुरले की माणसं झाडाखाली गप्पा मारतात. तिथे कोणी म्हणत नाही की राखेपाशी बसल्याशिवाय चव कशी! पण रोडगे पुरुष भाजतात ना, म्हणून असेल.

तरी एक कबूल करते. कांदा-खोबरं भाजणं, खसखस वाटणं, मसाला तेलात परतून तर्री सुटू देणं हे भांडं करत नाही. ते आदल्या रात्री मीच करते. पाणी निम्मंच घालायचं, कारण आटत नाही. फ्रीजरमधलं गोठलेलं मटण तसंच टाकायचं नाही. आणि राजमा शिजवणार असाल तर भिजवून, आधी दहा मिनिटं गॅसवर खळखळ उकळून मगच. मंद उबेत त्यातलं विष मरत नाही आणि उलट्यांनी हाल होतात.

अकोल्याच्या रस्त्यावर लोणी ते माना सलग 75 किलोमीटर डांबर 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनेसमध्ये नाव लागलं. त्या घाईचं सगळ्यांना कौतुक. मटणाच्या आठ तासांत मी त्याच रस्त्याने जाऊन आले, साक्षगंधात जुन्या मैत्रिणींशी पोटभर बोलले, परत येऊन साडीही बदलली.

मामेसासूबाई काल फोनवर विचारत होत्या, "केवढ्याले येते वं ते भांडं?"