खरेदीचे खाते बदलले, गोळी कधी येणार?

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळी एक आजी आल्या. वय सत्तरीच्या घरात, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही सोबतीला. सरकारी रुग्णालयात त्यांची तपासणी झाली होती, पण औषधाच्या खिडकीवर रक्तदाबाची गोळी नव्हती. ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी मिळाली. आजींनी ती पदराला बांधून ठेवली आणि तीन आठवडे गोळीच घेतली नाही. माझ्यापुढे बसल्या तेव्हा रक्तदाब २००/११० होता. “डॉक्टरसाहेब, गोळी आली की परत सुरू करणारच होते,” असे वर मलाच समजावून सांगितले.

सरकारी औषधे विकत घेते कोण? प्रश्न साधा आहे, पण उत्तर बदलत राहते. आपल्याकडे १९७० पासून आरोग्य सेवा आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन वेगळी संचालनालये आहेत. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय पहिल्याकडे, मुंबईचे जे. जे. दुसऱ्याकडे. कळव्याचे रुग्णालय ठाणे महापालिकेचे, तर कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर आपल्या महापालिकेचे. रुग्णाला यातले काही ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

राज्याच्या दोन्ही घरांची खरेदी एकत्र करावी म्हणून २०१७ साली ते काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे दिले गेले. हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण हाफकिनची ख्याती कशाची? प्लेगच्या साथीत १८९७ साली डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तेव्हापासूनची ही परंपरा लस आणि सर्पदंशावरची प्रतिविषे तयार करण्याची. निविदा काढणे, दर ठरवणे, पुरवठादारामागे तगादा लावणे हा निराळा धंदा आहे. चांगल्या सुगरणीला बाजारहाटाचा हिशेब सांभाळायला बसवावे, तसे झाले. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ही जबाबदारी त्या नव्या प्राधिकरणाकडे गेली.

स्वतंत्र खरेदीयंत्रणेला माझा विरोध नाही. तामिळनाडूने असेच महामंडळ १९९४ साली स्थापले आणि ते टिकवले. तिथे जिल्ह्याजिल्ह्याला औषधांची गोदामे आहेत. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक असते आणि त्यात नोंदलेल्या रकमेइतकी औषधे ते गोदामातून उचलते. येणाऱ्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. कोणती गोळी कुठे संपत आली हे वेळेवर कळते, म्हणून नवी मागणीही वेळेवर जाते. हे सगळे बसायला वर्षे लागतात. आपण मात्र घडी बसायच्या आत पाटीच बदलतो. जुन्या कार्यालयाच्या निविदा अर्धवट राहतात, नव्याचे दर ठरायचे असतात आणि मधल्या काळात खिडकीवर चिठ्ठ्या फाडल्या जातात. नव्या प्राधिकरणाला निदान दहा वर्षे तरी कोणी हात लावू नये, आणि आज कोणती औषधे शिल्लक आहेत याचा फलक प्रत्येक रुग्णालयाने दारात लावावा, एवढीच माझी मागणी आहे. मोफत औषध असेल तर आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा; आजी निदान वाट पाहत बसणार नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरी अशी चिठ्ठी आली तर गोळी एक दिवसही थांबवू नका. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काही जाणवत नाही आणि एकदम पक्षाघात होतो. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे बऱ्याच स्वस्त मिळतात.

आजींना मी मूळ नावानेच गोळी लिहून दिली. सोमवारी रक्तदाब पाहायला पुन्हा बोलावले आहे, आणि येताना सुनेलाही आणा म्हटले आहे.