वाइनला 'नोट्स', मोहाला कलम?

मागच्या आठवड्यात नाशिकहून पाहुणे आले. जव्हार-मोखाड्यात पावसाळा म्हटला की दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट आणि नागलीची भाकरी हे ठरलेलंच. सोबत त्यांनी रेड वाइनची बाटली आणली होती. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों, दोन द्राक्षांचं मिश्रण.

चव खरंच चांगली. आधी पिकल्या जांभळासारखी, मग मिऱ्याची झणक आणि शेवटी आवळा चावल्यासारखा तुरटपणा. हा तुरटपणा मटणाच्या चरबीबरोबर मस्त जमतो. चुलीवरचा गावठी कोंबडा, तिखट बेताचं ठेवून आणि सोबत नागलीची भाकरी, एकदम झकास. मात्र सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर घेतली तर तोंडात लोखंडाची चव येते. मिरचीचा ठेचा असेल तर तोंड आणखी पेटतं. हा माझा अनुभव, पाहुण्यांनीही मान्य केला.

पण खरा मुद्दा पुढे आहे. जेवताना पाहुण्यांनी विचारलं, "इथलं स्थानिक काय मिळतं?" मी गप्प. कारण इथलं स्थानिक म्हणजे मोहाची. ती विचारायची कुजबुजत आणि मिळाली तर प्यायची लपून.

नाशिक इथून 80 किलोमीटरच्या आसपास. तिथल्या द्राक्षाला सरकारने 2001 मध्ये स्वतंत्र धोरण दिलं, अबकारी शुल्कात सवलती दिल्या. जानेवारी 2022 मध्ये तर सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. कारण सांगितलं शेतकऱ्याचं भलं. विरोध झाला, निर्णय अंमलात आला नाही, ते सोडा. पण शेतकऱ्याचं भलं फक्त द्राक्षातच असतं का हो?

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन मोहाखाली बसतात. फुलं वेचायची, वाळवायची, आणि व्यापारी देईल त्या भावात द्यायची. 2021 मध्ये राज्याने फुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, चांगलंच केलं. पण फुलाच्या पुढची कमाई अजून आदिवासीच्या हातात नाही.

कुणी म्हणेल, वाइन नुसती आंबवलेली, मोहाची गाळलेली, जास्त कडक. बरोबर. मग तुलना फेणीशी करा. तीही गाळलेलीच. गोव्याने काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून परवाना दिला. आपल्याच पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन बनते. मग जव्हार-मोखाड्यानेच काय घोडं मारलंय?

गैरसमज नको. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी वीस वर्षांच्या बातमीदारीत खूप पाहिली. 1992-93 चं वावर-वांगणी इथला माणूस विसरत नाही. ज्या घरात पोराच्या पोटात अन्न नाही, तिथे दारूचा पुळका कुणी आणू नये. दारूबंदीसाठी उभ्या राहणाऱ्या बायांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

म्हणूनच निर्णय त्यांच्याच हातात द्या. 1996 च्या पेसा कायद्याने नशाबंदीचा आणि गौण वनोपजाचा असे दोन्ही विषय ग्रामसभेकडे सोपवलेत. ज्या गावाच्या ग्रामसभेला नको, तिथे थेंबही नको. ज्या गावाला हवं, तिथे बचत गटाला किंवा सहकारी संस्थेला परवाना, नमुन्याची तपासणी आणि बाटलीवर गावाचं नाव. आज काय होतं? चोरून गाळलेल्यात काय मिसळलंय ते कुणाला कळत नाही. पिणारा मरतो आणि गाळणारी कोर्टाच्या फेऱ्या मारते.

एकाच राज्यात एका फळाच्या दारूला काचेचा पेला आणि एका फुलाच्या दारूला पोलिसांची गाडी. हा फरक चवीचा नाही, पिणारा कोण आणि बनवणारा कोण याचा आहे.

तुमच्या गावच्या ग्रामसभेत हा विषय कधी आलाय का? कमेंटमध्ये सांगा. विरोधात असाल तर आधी सांगा.