घरचे आरोग्य : स्नायू लवतो तेव्हा



पापणी लवू लागली की आपल्या घरांतून लगेच विचारणा होते : उजवी की डावी? मग कोणी पाहुण्याची वाट पाहतो, कोणी अशुभ वार्तेच्या धास्तीने दिवस काढतो. पापणीच्या लवण्याने आजवर कोणाचे भविष्य ठरलेले नाही. तथापि स्नायूंची फडफड ही कधी कधी शरीराने दिलेली सूचना असते. तिच्यातील क्षुल्लक कोणती व गंभीर कोणती, हे प्रत्येक कुटुंबास ओळखता आले पाहिजे.

आपला प्रत्येक स्नायू मज्जातंतूच्या आज्ञेने हालतो. एक मज्जातंतू स्नायूच्या अनेक धाग्यांना एकदम आज्ञा देतो. कधी तो विनाकारणच चाळवतो आणि तेवढेच धागे क्षणभर आकुंचन पावतात. त्वचेखाली काही वळवळल्यासारखे दिसते ते हेच. अपुरी झोप, अतिश्रम, मनाची काळजी, चहा-कॉफीचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा फडफडीस औषध लागत नाही. विश्रांती मिळाली की ती बहुधा आपोआप थांबते.

मग भिण्याजोगी फडफड कोणती? येथे एकच कसोटी ध्यानी धरावी : फडफडीकडे पाहू नका, शक्तीकडे पाहा. सदऱ्याची गुंडी लावता येईनाशी झाली, हातातील तांब्या निसटू लागला, चालताना पाऊल अडखळू लागले, एका हाताचे वा पायाचे मांस झिजू लागले, बोलणे जड झाले अथवा घास गिळताना ठसका लागू लागला, आणि त्याबरोबर फडफडही असली, तर विलंब न करता मज्जातंतूंच्या तज्ज्ञास दाखवावे. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशीच क्षीण होत जाण्याचा एक रोग आहे. फ्रान्समधील डॉक्टर शार्को यांनी १८६९ साली त्याचे वर्णन केले. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो असल्याचे निदान झाले. ते २०१८ पर्यंत जगले, परंतु इतके दीर्घ आयुष्य या रोगात क्वचितच लाभते. रोग पूर्ण बरा करणारे औषध नाही. त्याची गती थोडी मंदावणारे आहे. हा रोग विरळा आहे. शक्ती शाबूत असता केवळ मांडी फडफडते म्हणून त्याची धास्ती घेऊ नये.

आपल्या भागात मात्र फडफडीचे याहून पुष्कळ निकटचे व घाईचे एक कारण आहे, आणि ते शेतात आहे. जाम नदीच्या काठचे सावरगाव, पांढुर्णा आणि तेथून सौंसरपर्यंतचा मुलूख हा कपाशीचा व संत्र्यांचा. पावसाळ्यात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसे घरोघरी आहेत. कीटकनाशकांपैकी पुष्कळ औषधे स्फुरदयुक्त वर्गातील असतात, मोनोक्रोटोफॉस त्यांपैकीच. मज्जातंतू आपली आज्ञा एका रसायनाच्या द्वारे स्नायूस पोहोचवतो आणि आज्ञा पोहोचताच एक पाचक द्रव्य ते रसायन पुसून टाकते. हे विष त्या पुसणाऱ्या द्रव्यासच निकामी करते. आज्ञा पुसली जात नाही, स्नायू फडफडत राहतो, शेवटी थकून लुळा पडतो. छातीचे स्नायू लुळे पडले की श्वास थांबतो.

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात हेच घडले. कपाशी दाट व उंच वाढली होती. हातमोजे नाहीत, तोंडावर आच्छादन नाही, दोनतीन औषधांचे मिश्रण, वर ऊन व घाम. शेकडो शेतकरी व मजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक जण दगावले. विष केवळ पोटातूनच जाते असे नव्हे. घामाने भिजलेल्या त्वचेतून व श्वासातूनही ते शरीरात शिरते.

म्हणून फवारणीनंतर दंडाचे, मांडीचे वा चेहऱ्याचे स्नायू फडफडू लागले आणि त्याबरोबर अतोनात घाम, तोंडास लाळ, डोळ्यांस पाणी, अंधुक दृष्टी, उलटी, जुलाब किंवा छातीत जखडल्यासारखे वाटणे यांपैकी काही दिसले, तर ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून थांबू नये. रोग्यास मोकळ्या हवेत आणावे. त्याचे कपडे उतरवून अंग, केस व नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवावी. धुणाऱ्याने आपल्या हातांस रबरी मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्या. दूध, तूप, लिंबू देऊ नये, उलटी करवू नये. तो बेशुद्ध असल्यास कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येईल. अॅट्रोपीन नावाचे इंजेक्शन रुग्णालयातच मिळते व तेच प्राण वाचवते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उपचारानंतर रोगी उठून बसला, बोलू लागला, तरी एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे व श्वास अपुरा पडणे असे दुसरे संकट येऊ शकते. घरी कामे खोळंबली आहेत म्हणून डॉक्टरांनी सोडण्यापूर्वी रोग्यास उचलून आणू नये.

प्रतिबंध याहून सोपा आहे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, गळका पंप पाठीस लावू नये, औषधे मनाने मिसळू नयेत, हात धुतल्याविना विडी वा भाकरीस शिवू नये. फवारणीचे कपडे निराळे धुवावे.

शेवटी शेतमालकांस एक विनंती. मजूर बहुधा आपली फडफड सांगत नाही, कारण सांगितले तर रोज बुडतो. त्याने सांगण्याची वाट न पाहता संध्याकाळी आपणच त्याची विचारपूस करावी. आणि हातमोज्यांचा खर्च बियाण्यांच्या व खताच्या खर्चात प्रथमच धरावा. पिकास लागलेली अळी पुढल्या वर्षी पुन्हा मारता येईल. गेलेला माणूस कोणत्याही हंगामात परत येत नाही.